बोटीसाठी जुना ऑटोपायलट घेताना

मुंबईतील माझ्या एका मित्राचा दर दोन-तीन महिन्यांनी फोन येतो आणि प्रत्येक वेळी त्याचा एकच प्रश्न असतो : "तिकडे एखादा जुना ऑटोपायलट मिळाला तर येताना घेऊन येशील का?" त्याची शिडाची बोट मांडव्याला उभी असते, माझी एकतीस फुटी बोट इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, साउदॅम्प्टनजवळच्या हॅम्बल नदीत असते. इकडे बोटींच्या जुन्या सामानाचे मोठे बाजार भरतात आणि हॅम्पशायरमधील ब्युलीचा बाजार त्यांत विशेष नावाजलेला आहे. मोठी स्क्रीन हवी म्हणून लोक चांगली चालणारी यंत्रे काढून टाकतात, मोडीत निघालेल्या बोटींचेही सामान विकायला येते, आणि नव्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात ही यंत्रे मिळतात. त्यामुळे मित्राची मागणी अवाजवी नाही. मात्र तिचे उत्तर फोनवर पाच मिनिटांत देता येत नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

जुने यंत्र घेण्यात काही वावगे आहे असे मला वाटत नाही. माझ्या बोटीवरची निम्मी यंत्रे कोणीतरी आधी वापरलेली आहेत. परंतु "चालू स्थितीत" एवढ्या दोन शब्दांवर विसंबून घेतलेले यंत्र पुढे फार त्रास देते, कारण बोटीवरचे प्रत्येक यंत्र वेगवेगळ्या कारणाने जुने होते. एखादे झिजून जुने होते, एखाद्याच्या आत खारे पाणी शिरते, एखाद्याची भाषा मागे पडते, एखाद्याचा नकाशा कालबाह्य होतो, तर एखाद्याला आधीच्या मालकाची ओळख चिकटून राहते. आपल्यासमोरचे यंत्र यांपैकी कशाने जुने झाले आहे, हे एकदा ओळखता आले की काय तपासायचे आणि कोठे हात जोडून परत फिरायचे, हे ठरवणे सोपे जाते.

आधी ऑटोपायलट म्हणजे काय ते पाहू. बोटीचे तोंड ठरलेल्या दिशेला धरून ठेवणे, एवढेच त्याचे काम असते. दिशा सांगणारे विजेचे होकायंत्र, ती दिशा आणि आपल्याला हवी असलेली दिशा यांची तुलना करून सुकाणू कोणत्या बाजूला व किती वळवायचे हे ठरवणारी संगणकाची पेटी, आणि ते सुकाणू प्रत्यक्ष वळवणारी मोटर किंवा दांडा, असे त्याचे मुख्य तीन भाग असतात. यांच्या जोडीला बटणांचा एक छोटा फलक असतो आणि मोठ्या बोटींवर सुकाणू किती वळले आहे हे संगणकाला कळवणारा एक संवेदकही असतो. लहान बोटींच्या टिलर पायलटमध्ये, म्हणजे सुकाणूच्या हातदांड्याला जोडायच्या ऑटोपायलटमध्ये, हे सगळे एकाच नळीत बसवलेले असते. मोठ्या बोटींत मात्र हे भाग वेगवेगळ्या ठिकाणी असतात आणि वायरींनी जोडलेले असतात. खरेदीतील पहिला घोटाळा येथेच होतो. जाहिरातीत "ऑटोपायलट" असे लिहिलेले असते आणि प्रत्यक्षात हाती पडतो तो फक्त बटणांचा फलक. तेव्हा विकणाऱ्याला पहिला प्रश्न असा विचारावा की यातले कोणते भाग आहेत आणि कोणते नाहीत, आणि प्रत्येक भागावरच्या चिकटपट्टीचा, मॉडेल व अनुक्रमांक स्पष्ट वाचता येईल असा, फोटो मागवावा.

या तिन्ही भागांत सर्वांत जास्त विचार मोटरीचा करावा, आणि त्यातही आधी तिची ताकद पाहावी. उत्पादक कंपन्या प्रत्येक ऑटोपायलटसाठी बोटीच्या वजनाची मर्यादा देतात. रेमरीनच्या एसटी१००० या टिलर पायलटची मर्यादा ३,००० किलो आहे, एसटी२००० ची ४,५०० किलो, ईव्ही-१०० या, सुकाणूच्या चाकाला जोडायच्या व्हील पायलटची ७,५०० किलो, आणि डेकखाली सुकाणूच्या दांड्याला जोडल्या जाणाऱ्या टाइप १ या लिनिअर ड्राइव्हची ११,००० किलो. हे वजन म्हणजे बोटीच्या माहितीपत्रकातले कोरे वजन नव्हे. त्यात पाणी, डिझेल, नांगर व साखळी, माणसे आणि त्यांचे सामान धरायचे असते, आणि ते कोऱ्या वजनापेक्षा सहज २० टक्क्यांनी जास्त भरते. चार टनांची बोट म्हणून एसटी२००० घेणारा माणूस सहलीला निघतो तेव्हा त्याची बोट पावणेपाच टनांची झालेली असते. शांत पाण्यात तो ऑटोपायलट आनंदाने चालतो. मागून लाट येऊन बोट वळवू लागते तेव्हा मोटरीची ताकद अपुरी पडते, आणि आपल्याला त्याची गरज नेमकी त्याच वेळी असते. म्हणून मर्यादेच्या काठावरचे यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

मोटर झिजण्याने जुनी होते, आणि झीज हाताने व कानाने कळते. बाजारात जाताना मी एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी, फ्यूज लावलेल्या दोन वायरी आणि मल्टिमीटर पिशवीत घेऊन जातो. लिनिअर ड्राइव्ह असेल तर मोटरीच्या दोन जाड वायरींना वीज द्यायची, मग त्याच वायरी उलट करून द्यायची, म्हणजे तो दोन्ही दिशांना चालतो का हे कळते. आवाज एकसारखा यायला हवा. मध्येच खरखर आली, किंवा मोटर सुरू व्हायला अडखळली, तर कार्बनचे ब्रश संपत आलेले असण्याची शक्यता असते. ब्रश बदलता येतात. त्याहून महत्त्वाचा असतो आतला विजेवर चालणारा क्लच. ऑटोपायलट बंद असताना हा क्लच सुटलेला असतो, त्यामुळे दांडा हाताने सरकवता येतो. क्लचच्या वायरींना वीज दिली की टक् असा आवाज होऊन तो धरतो. धरल्यावर दांडा पोटाशी धरून अंगातला सगळा जोर लावून ढकलावा. तो थोडासाही सरकत असेल तर क्लच घसरतो आहे असे समजावे, कारण टाइप १ चा दांडा सुमारे तीनशे किलोचा जोर देण्यासाठी बनवलेला असतो आणि माणसाच्या ढकलण्याने त्याने हलता कामा नये. मात्र क्लच १२ व्होल्टचा आहे की २४ व्होल्टचा, हे वीज देण्याआधी पाहून घ्यावे.

टिलर पायलटचा मोठा शत्रू पाणी. त्याचा दांडा नळीतून आत-बाहेर होत असतो आणि त्याच्याभोवतीचे रबरी सील वर्षानुवर्षांच्या उन्हाने कडक होते. मग पावसाचे व लाटांचे पाणी दांड्यावरून ओघळत आत शिरते. बाहेरून यंत्र स्वच्छ पुसलेले दिसते. मी पहिल्यांदा असाच एक टिलर पायलट घेतला होता. विकणाऱ्याने समोर चालवून दाखवला, तो छान चाललाही, आणि पुढच्या आठवड्यात ऐन भरतीच्या प्रवाहात त्याने एका बाजूला दांडा पूर्ण बाहेर काढला आणि तसाच थांबला. घरी आणून चार स्क्रू काढले तेव्हा ताक राहिलेल्या पितळी भांड्यावर चढतो तसा हिरवट कळंक सगळ्या सर्किट बोर्डावर पसरलेला होता. तेव्हापासून मी विकणाऱ्याची परवानगी मागून झाकण उघडून पाहतो, आणि तो नाही म्हणाला तर घेत नाही. तेवढेही शक्य नसेल तर प्लगच्या पितळी पिना भिंगाखाली पाहाव्यात. तेथे हिरवेपणा असेल तर आतही असण्याचा संभव मोठा असतो.

संगणकाच्या पेटीची गोष्ट वेगळी आहे. ती कोरड्या जागी बसवलेली असली तर फारशी झिजत नाही. तिची भाषा मात्र जुनी होते. बोटीवरची यंत्रे एकमेकांशी तीन प्रमुख पद्धतींनी बोलतात. एनएमईए ०१८३ ही सर्वांत जुनी आणि सर्वांत साधी : एक बोलतो, बाकीचे ऐकतात, आणि सेकंदाला ४,८०० बिट या संथ गतीने वाक्ये जातात. एनएमईए २००० मध्ये सगळी यंत्रे एकाच मुख्य वायरीला जोडलेली असतात आणि सेकंदाला २,५०,००० बिट या गतीने प्रत्येक जण सर्वांशी बोलू शकतो. तिसरी भाषा म्हणजे कंपन्यांच्या स्वतःच्या भाषा. जुन्या बाजारात त्यांतली सर्वांत जास्त आढळते ती सीटॉक, लाल, पिवळी आणि ऋण बाजूची अशा तीनच वायरींवर चालणारी. ऑटोहेल्म हे नाव असलेली यंत्रे याच घराण्यातली : ती बनवणारी कंपनी १९९० मध्ये रेथिऑनने घेतली, २००१ मध्ये ती वेगळी होऊन रेमरीन झाली, २०१० मध्ये फ्लिरकडे आणि २०२१ मध्ये टेलेडाइनकडे गेली. त्यामुळे ऑटोहेल्म, रेथिऑन आणि रेमरीन अशी तीन नावे लिहिलेली यंत्रे एकाच वायरीवर गुण्यागोविंदाने चालू शकतात. उलट, सीटॉक आणि सीटॉक-एनजी ही नावे सारखी वाटली तरी त्या दोन वेगळ्या भाषा आहेत. दुसरी ही एनएमईए २००० चेच रूप आहे, फक्त प्लगचा आकार निराळा. सिमराड या कंपनीच्या सिमनेट भाषेचेही तसेच. दोन भाषांमध्ये दुभाष्याचे काम करणारी छोटी पेटी मिळते, पण तिच्यातून काही माहिती पलीकडे जाते आणि काही जात नाही, हे ध्यानात ठेवावे. पाण्याची खोली आणि वाऱ्याची दिशा बहुधा जाते. ऑटोपायलटच्या सगळ्या आज्ञा जातीलच असे नाही.

म्हणून घरातून निघण्यापूर्वी आपल्या बोटीवर आज कोणती भाषा बोलली जाते हे कागदावर लिहून घ्यावे. एनएमईए २००० असेल तर एक सोपी चाचणी करता येते. त्या मुख्य वायरीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध लावलेला असतो, त्यामुळे वीज बंद करून माहितीच्या दोन वायरींमध्ये मीटर लावला तर ६० ओहम दिसायला हवेत. १२० दिसले तर एका टोकाचा रोध नाही किंवा वायर कोठेतरी तुटली आहे, आणि अशा बोटीवर नवे-जुने कोणतेही यंत्र बसवले तरी ते रडतच राहील.

होकायंत्राच्या बाबतीत जुन्या-नव्यातला फरक मोठा आहे, आणि येथे मी सहसा जुन्याची शिफारस करत नाही. जुन्या पद्धतीचे फ्लक्सगेट होकायंत्र पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र मोजते, पण बोट लाटेवर वळायला लागली आहे हे त्याला जरा उशिरा कळते. त्यावर उपाय म्हणून पुढे वळण्याचा वेग मोजणारा जायरो जोडला गेला. रेमरीनच्या एस१जी सारख्या नावांतला शेवटचा "जी" त्याच जायरोचा आहे. मागून वाऱ्यात बोट चालवणाऱ्याला हा फरक पहिल्या तासात जाणवतो. आणखी एक बाब भारतात यंत्र नेणाऱ्यांसाठी. चुंबकीय सुई फक्त उत्तरेकडे ओढली जात नाही, ती खालीही झुकते. इंग्लंडच्या दक्षिणेला हा कल सुमारे ६६ अंश असतो, तर मुंबईजवळ पंचवीस अंशांच्या आसपास. इंग्लंडमध्ये उत्तरेकडे जाताना बोट डुलली की जुन्या होकायंत्राची चूक वाढते, आणि ती सावरण्यासाठी काही ऑटोपायलटांत अक्षांशानुसार एक दुरुस्ती भरून ठेवलेली असते. यंत्र कोकणात नेले तरी ती दुरुस्ती आधीच्या मालकाने ठेवली तशीच आत असते, आणि ती नव्या ठिकाणासाठी बदलावी लागते.

चार्टप्लॉटर, म्हणजे नकाशावर आपली जागा दाखवणारी स्क्रीन, नकाशामुळे जुना होतो. वीस वर्षांपूर्वीचा प्लॉटर सी-मॅप किंवा नॅव्हियॉनिक्स या नकाशा कंपन्यांच्या जुन्या कार्डांवर चालतो, आणि ती कार्डे आता नव्याने मिळणे किंवा अद्ययावत करून घेणे अनेकदा शक्य नसते. साउदॅम्प्टनसमोरच्या सोलंट सामुद्रधुनीच्या मध्यावरचा ब्रॅम्बल बँक हा वाळूचा दांडा सरकत असतो. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये क्वीन एलिझाबेथ २ सारखे अजस्र जहाज आपल्या शेवटच्या साउदॅम्प्टन भेटीत त्यावर काही काळ अडकले होते. अशा पाण्यात जुन्या नकाशावर विसंबणे योग्य नाही. शिवाय इकडच्या कार्डात फक्त इकडचा किनारा असतो. मित्राने प्लॉटर मागितला तेव्हा मी त्याला आधी एवढेच विचारायला सांगितले की त्या मॉडेलसाठी भारताच्या पश्चिम किनाऱ्याचे चालू कार्ड आजही विकत मिळते का. ते मिळत नसेल तर ती स्क्रीन त्याच्या काहीच उपयोगाची नाही.

जुन्या जीपीएसमध्ये तारखेचाही एक दोष दडलेला असतो. जीपीएस उपग्रह आठवड्यांचा क्रमांक ० ते १०२३ एवढाच मोजतात आणि मग पुन्हा शून्यावर येतात. असे ऑगस्ट १९९९ मध्ये आणि एप्रिल २०१९ मध्ये घडले. ज्या यंत्राला हे सावरायला शिकवलेले नाही, ते तारीख १०२४ आठवडे, म्हणजे साडेएकोणीस वर्षांहून अधिक, मागे दाखवते. ठिकाण बहुधा बरोबर येते, म्हणून घेताना कोणाच्या लक्षात येत नाही. पण प्लॉटरच्या आतले भरती-ओहोटीचे गणित तारखेवरच चालते. सोलंटच्या पश्चिम टोकाला हर्स्टच्या चिंचोळ्या भागात उधाणाच्या दिवशी प्रवाह चार नॉटांपेक्षा जास्त वेगाने वाहतो. तेथे चुकीच्या दिवसाची ओहोटी पाहून निघालेला माणूस प्रवाहाच्या विरुद्ध तासन्‌तास एकाच जागी राहील. यंत्र सुरू करून, आकाश दिसेल अशा जागी ठेवून, तारीख वाचण्याला दहा मिनिटे पुरतात. तेवढ्यात स्क्रीनला पासवर्ड आहे का हेही कळते, आणि ज्याला आपल्याच यंत्राचा पासवर्ड सांगता येत नाही त्याच्याकडून खरेदी करू नये, कारण बोटींवरून प्लॉटर चोरीला जाण्याचे प्रकार घडत असतात.

रेडिओ लहरी सोडणाऱ्या यंत्रांना आधीच्या बोटीची ओळख चिकटलेली असते. आपली बोट इतर जहाजांच्या स्क्रीनवर दाखवणारा एआयएस संच आणि डीएससी, म्हणजे बटण दाबून संकटसंदेश पाठवण्याची सोय, असलेला व्हीएचएफ रेडिओ यांत त्या बोटीचा नऊ अंकी एमएमएसआय क्रमांक भरलेला असतो. भारतीय बोटींचा क्रमांक ४१९ ने सुरू होतो, ब्रिटिश बोटींचा २३२ ते २३५ ने. लहान बोटींवरच्या बहुतेक क्लास बी एआयएस संचांत हा क्रमांक वापरणाऱ्याला एकदाच भरता येतो. तो पुसायला विक्रेत्याकडे किंवा कारखान्याकडे जावे लागते. तो न पुसता वापरला तर समुद्रावर आपण दुसऱ्याच बोटीच्या नावाने फिरतो, आणि संकटात बचाव पथक भलत्याच माणसाच्या घरी फोन करते. भारतात असे कोणतेही यंत्र आणण्यापूर्वी दूरसंचार खात्याच्या वायरलेस शाखेचे नियम पाहणे आवश्यक आहे. उपग्रहावरून संदेश पाठवणाऱ्या छोट्या यंत्रांबाबत तर अधिक सावध राहावे : थुराया व इरिडियमचे फोन आणि इरिडियमवर चालणारी संदेशयंत्रे परवान्याशिवाय भारतात बाळगणे हा गुन्हा आहे, आणि विमानतळावर ती सापडल्यामुळे प्रवाशांना पोलीस ठाण्यात जावे लागले आहे.

रडारबद्दल एवढेच सांगतो की जुन्या रडारमधला, लहरी निर्माण करणारा मॅग्नेट्रॉन ठरावीक तास चालून क्षीण होतो, ते तास मेनूमध्ये दिसतात, आणि बदलण्याचा खर्च कित्येकदा जुन्या रडारच्या किमतीएवढा असतो. ईपर्ब, म्हणजे बुडताना ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला हाक देणारे यंत्र, मी जुने कधीही घेणार नाही. त्याच्या बॅटरीला मुदत असते, त्याच्या आत देशाचा संकेतांक असतो, आणि ते नीट चालते का हे प्रत्यक्ष वापरून पाहण्याची सोय नसते.

सुस्थितीतील यंत्रही चुकीच्या वायरीमुळे बिघडलेले वाटते, म्हणून वायरीचे गणित एकदा करून पाहावे. बॅटरीपासून ऑटोपायलट पाच मीटरवर असेल तर विजेचा जाऊन-येऊन प्रवास दहा मीटरांचा होतो. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत एवढ्या अंतराला साधारण ०.०७ ओहमचा रोध होतो. मोटरीने दहा अँपिअर ओढले की ०.७ व्होल्ट वाटेतच जातात. बॅटरी आधीच ११.८ वर आलेली असेल तर संगणकाला ११.१ व्होल्टच मिळतात आणि तो नेमक्या मोठ्या लाटेवर बंद पडून पुन्हा सुरू होतो. अशा वेळी लोक विकणाऱ्याला दोष देतात. दोष वायरीचा असतो.

यंत्र बसवल्यावर कारखान्याच्या मूळ स्थितीला आणून सगळ्या नोंदी नव्याने भराव्यात. धक्क्याला बांधलेल्या बोटीवर दहा अंश उजवीकडे वळण्याचे बटण दाबावे आणि कोणालातरी सुकाणूकडे पाहायला सांगावे. मोटरीच्या वायरी उलट जोडल्या असतील तर सुकाणू डावीकडे जाईल, आणि हे समुद्रात कळण्यापेक्षा धक्क्यावर कळलेले बरे. मग शांत, मोकळ्या पाण्यात दोन नॉटांहून कमी वेगाने, एका फेरीला किमान दोन मिनिटे लागतील अशा संथ गोल फेऱ्या घ्याव्यात, म्हणजे होकायंत्र इंजिनाच्या व बॅटरीच्या लोखंडामुळे होणारी चूक स्वतः शिकून घेते. जीपीएसमध्ये नकाशाचा पाया, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्याची पद्धत, डब्ल्यूजीएस ८४ आहे का तेही पाहावे. आधीच्या मालकाने जुन्या ब्रिटिश कागदी नकाशासाठी दुसरा पाया ठेवला असेल तर बोट प्रत्यक्ष जागेपासून शंभरेक मीटर बाजूला दिसते.

सर्वांत शेवटी पाण्याची खोली. खोली दाखवणाऱ्या यंत्रात एक वाढ किंवा घट भरून ठेवता येते : कोणी पृष्ठभागापासूनची खोली पाहतो, कोणी कीलखाली, म्हणजे बोटीच्या तळाच्या सर्वांत खालच्या भागाखाली, उरलेले पाणी पाहतो. मी घेतलेल्या यंत्रात आधीच्या मालकाने काय भरले होते हे मला ठाऊक नव्हते. म्हणून हॅम्बलमध्ये बोट बांधलेली असताना मी शिशाचे वजन बांधलेली, दर अर्ध्या मीटरला गाठ मारलेली दोरी सोडली. वजन तळाला टेकले तेव्हा पृष्ठभागापर्यंत सात गाठी मोजल्या, म्हणजे साडेतीन मीटर. यंत्र चार मीटर नव्वद सेंटिमीटर दाखवत होते. आधीच्या मालकाची कोणती मोजणी त्यात उरली होती कोण जाणे. एवढे नक्की की त्या आकड्यावर विश्वास ठेवून पाऊण मीटर पाण्यातही मी माझी बोट दोन मीटरांहून जास्त पाणी आहे असे समजून घातली असती. मेनूत जाऊन ती वाढ दोरीच्या मोजमापाप्रमाणे बदलली, दोरी पुन्हा सोडली, आणि दोन्ही मोजमापे जुळल्यावरच ती गुंडाळून ठेवली.